नाव स्पष्ट की नाव नेमकं? प्रोग्रॅमिंगवरच्या दोन पुस्तकांच्या निमित्ताने

नाव आणि वस्तू यांचा संबंध काय, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न. आज तोच घेऊन आम्ही जरा वेगळ्या आळीत शिरणार आहोत. संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणारी माणसं दिवसभर नावं ठेवत असतात. म्हणजे शब्दशः ठेवत असतात, आपल्याकडे ‘नावं ठेवणं’चा जो दुसरा अर्थ आहे तो नव्हे, अर्थात तेही करतात. प्रत्येक व्हेरिएबलला, ज्याला गणितात आपण चल म्हणतो, त्याला एक नाव लागतं. प्रत्येक फंक्शनला लागतं. आमच्या ओळखीतला एकही व्यवसाय असा नाही की जिथे माणसाला दिवसाला इतकी बारशी करावी लागतात.

या बारशांविषयी सल्ला देणारी दोन पुस्तकं आज समोर घेतली आहेत. एक रॉबर्ट मार्टिन यांचं ‘क्लीन कोड’, २००८ सालचं. त्यातलं नावांवरचं दुसरं प्रकरण टिम ऑटिंगर यांनी लिहिलेलं आहे. दुसरं जॉन आउस्टरहाउट यांचं ‘अ फिलॉसॉफी ऑफ सॉफ्टवेअर डिझाइन’, २०१८ सालचं. शीर्षकात फिलॉसॉफी पाहून आम्ही ते उघडलं, हे सांगायला हवं. आमच्या अर्थाची फिलॉसॉफी त्यात नाही. पण नावाविषयीचा खरा तात्त्विक मुद्दा याच पुस्तकात आहे, आणि तो लेखकाने सिद्धांत म्हणून नाही, हकिकत म्हणून सांगितला आहे. तिकडे येऊ.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. यंत्राला या नावांचं काहीही देणंघेणं नसतं. तुम्ही ‘पगार’ लिहा, ‘प’ लिहा नाही तर ‘कोथिंबीर’ लिहा. एकच नाव सगळीकडे सारखं वापरलं की झालं. सी सारख्या भाषेत तर प्रोग्रॅमचं यंत्रभाषेत रूपांतर होताना आतल्या व्हेरिएबलांची नावं बहुतेक गळूनच पडतात. राहतात ते पत्ते. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रात विशेषनामाची तुलना अलीबाबाच्या गोष्टीतल्या खडूच्या खुणेशी केली आहे. चोर घराच्या दारावर खूण करून जातो. खुणेत घराबद्दल काहीच सांगितलेलं नसतं, ती फक्त घर ओळखण्यापुरती. यंत्राच्या दृष्टीने व्हेरिएबलचं नाव म्हणजे ही खडूची खूण. आणि मर्जिना काय करते? आजूबाजूच्या सगळ्या दारांवर तशीच खूण करून ठेवते. ज्यांनी कुणी दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये डेटा १, डेटा २, टेम्प, टेम्प २ अशी रांग पाहिली असेल, त्यांना चोराची अवस्था समजेल.

म्हणजे नावाचा अर्थ हा सर्वस्वी माणसामाणसांतला व्यवहार आहे. लिहिणारा आणि वाचणारा. आणि वाचणारा पुष्कळदा पाच वर्षांनी येतो, तेव्हा लिहिणाऱ्याने नोकरी बदललेली असते.

‘क्लीन कोड’चा सल्ला मोजक्या शब्दांत असा: नावातून हेतू कळला पाहिजे. नाव समजावायला शेजारी टीप लिहावी लागत असेल, तर ते नाव हेतू सांगत नाही. उदाहरण म्हणून ‘डी’ नावाचं एक व्हेरिएबल दिलं आहे, शेजारी टीप, की हे गेलेले दिवस. लेखक म्हणतो, मग नावच ‘इलॅप्स्ड टाइम इन डेज’ ठेवा. बरोबर आहे. नाव उच्चारता आलं पाहिजे, हाही आग्रह आम्हाला पटतो. एका कार्यालयात तारीख आणि वेळेच्या सगळ्या आद्याक्षरांचं कडबोळं करून एक नाव ठेवलं होतं, ते माणसं तोंडाने कसं म्हणायची याचा गमतीदार किस्सा त्यात आहे. माणसं प्रोग्रॅमविषयी बोलतात, आणि जे बोलता येत नाही त्याची चर्चा होत नाही. इथवर आमची काही तक्रार नाही. नवशिक्याने ते प्रकरण जरूर वाचावं.

तक्रार पुढे आहे. याच पुस्तकाच्या दहाव्या प्रकरणात मूळ संख्या छापणारा एक प्रोग्रॅम आहे. मूळचा डोनाल्ड क्नूथ यांचा. त्यात जे, के, एम अशी एकाक्षरी नावं होती. मार्टिन तो घासूनपुसून नवा करतात. नव्या रूपात एका फंक्शनचं नाव असं आहे, श्वास घेऊन ऐका: ‘स्मॉलेस्ट ऑड एन्थ मल्टिपल नॉट लेस दॅन कँडिडेट’. इंग्रजीत बेचाळीस अक्षरं. मराठीत करायचं तर ‘उमेदवार संख्येहून लहान नसलेली सर्वांत छोटी विषम एन-वी पट’.

आता हे नाव वाचून काय कळतं ते पाहू. ‘एन-वी पट’ म्हणजे काय? तीनची पाचवी पट पंधरा, असं आपण म्हणतो. पण इथे तसं नाही. इथे अभिप्रेत आहे ती ‘यादीतल्या एन-व्या मूळ संख्येची पट’. मूळ संख्या हा शब्दच नावातून गळला आहे. बेचाळीस अक्षरं खर्चून जो शब्द हवा तोच नाही. बरं, हे सोडून देऊ. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, हे फंक्शन नुसतं उत्तर सांगत नाही. ते जाता जाता एका यादीतली नोंद बदलून ठेवतं. तीन या संख्येसाठी यादीत नऊ लिहिलेले आहेत समजा. तुम्ही विचारलं, पंचवीस ही तीनच्या पटीत आहे का? फंक्शन नवापासून सहा-सहाने पुढे जातं: पंधरा, एकवीस, सत्तावीस. सत्तावीस पंचविसाहून मोठे, म्हणून उत्तर ‘नाही’. आणि यादीत आता सत्तावीस लिहिले गेले. लगेच विचारा, पंधरा ही तीनच्या पटीत आहे का? फंक्शन सत्तावीसवरून पाहतं, पंधरा जुळत नाहीत, उत्तर: नाही!

पंधरा तीनच्या पटीत नाहीत, असं हे फंक्शन सांगतं. अर्थात त्या प्रोग्रॅममध्ये संख्या नेहमी चढत्या क्रमानेच विचारल्या जातात, म्हणून चूक बाहेर दिसत नाही. पण ‘चढत्या क्रमानेच विचारा’ ही अट नावात कुठे आहे? नाही. आणि असायला हवी असंही आम्ही म्हणत नाही. नाव अजून वीस अक्षरांनी लांबवलं असतं तर ते नाव राहिलं नसतं, मुचलका झाला असता. ही अट वरती एका ओळीच्या टिपेत साध्या वाक्यात लिहायची गोष्ट आहे. पण टीप म्हणजे नावाचा पराभव, असं एकदा ठरवून टाकलं की ती ओळ लिहिलीच जात नाही. आमचा आक्षेप लांबीला नाही, या श्रद्धेला आहे. नाव हे वाक्य नव्हे. वाक्य विधान करतं, ते खरं किंवा खोटं असतं. नाव निर्देश करतं. निर्देशाकडून विधानाचं काम करून घ्यायला गेलं की दोन्ही बिघडतात.

आमच्याकडच्या वैयाकरणांनी हा प्रश्न फार बारकाईने पाहिला होता. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रं. तीत पारिभाषिक नावांची, म्हणजे संज्ञांची, गरज पदोपदी. मग त्याने काय केलं? ‘टि’, ‘घु’, ‘भ’, ‘घ’ अशी एकेका अक्षराची नावं ठेवली. शब्दातला शेवटचा स्वर आणि त्यापुढचं जे काही असेल ते, याचं नाव ‘टि’. ‘टि’मध्ये काही अर्थ आहे का? नाही. खडूची खूण. पण व्याख्या एकदा नीट दिली आहे, आणि नंतर हे नाव कुठेही दुसऱ्या अर्थाने येत नाही. ‘क्लीन कोड’च्या कसोटीवर पाणिनी नापास व्हायचा.

मात्र त्याच पाणिनीने ‘सर्वनाम’ अशी लांब संज्ञाही वापरली. पतंजलीने महाभाष्यात विचारलं, असं का? संज्ञा करायची ती लाघवासाठी, मग ही एवढी मोठी कशाला? त्याचं उत्तर आम्हाला नामकरणशास्त्रातलं अत्यंत मोलाचं वाटतं. तो म्हणतो, मोठी संज्ञा केली आहे ती अन्वर्थ आहे म्हणून, तिच्या शब्दार्थाचाही उपयोग करायचा आहे. सर्वनाम म्हणजे सर्वांचं नाव. तेव्हा ‘सर्व’ हे एखाद्या माणसाचंच नाव असेल, तर तिथे सर्वनामाचे नियम लागू नाहीत. ‘सर्वांना’ म्हणायचं तर ‘सर्वस्मै’, पण सर्व नावाच्या गृहस्थांना द्यायचं तर ‘सर्वाय’. लांब नावाने एक नियम वाचवला. आखूड संज्ञेचं काम ओळखीपुरतं. लांबीचा खर्च करायचा तर त्या प्रत्येक अक्षराने काहीतरी कमावलं पाहिजे.

या दृष्टीने प्रोग्रॅमरांचा नेहमीचा ‘आय’ पहा. दहा ओळींच्या आवर्तनात मोजणीसाठी ‘आय’ वापरतात. गणितातली ही रूढी १९५७ च्या फोरट्रान भाषेने थेट नियमातच घातली: आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी नावं आपोआप पूर्णांकाची. नावाला अक्षरं सहाच, त्यामुळे काटकसर सक्तीची होती. आज सक्ती नाही, तरी ‘आय’ला ‘करंट लूप आयटरेशन इंडेक्स’ म्हणण्यात शहाणपण नाही. व्याख्या डोळ्यांसमोर दोन ओळींवर असताना नाव कशाला काही सांगेल? तेच व्हेरिएबल पाचशे ओळी लांब, दुसऱ्या फाईलमध्ये भेटणार असेल तर गोष्ट निराळी. कर्निघन आणि पाइक यांनी १९९९ च्या पुस्तकात साधारण हेच सांगितलं आहे.

आता दुसऱ्या पुस्तकाकडे. आउस्टरहाउट बर्कलीत असताना स्प्राइट नावाची ऑपरेटिंग सिस्टीम बनवत होते. तिच्या फाईल-व्यवस्थेत एक विचित्र दोष शिरला. अधूनमधून एखाद्या फाईलमधला मजकूर जायचा, तिथे शून्यं भरलेली सापडायची. कधी व्हायचं, का व्हायचं, पत्ता नाही. शोधायला सहा महिने लागले. आणि निघालं काय? ‘ब्लॉक’ हे नाव. तबकडीवरचा प्रत्यक्ष तुकडा, त्यालाही ‘ब्लॉक’ म्हटलं होतं, आणि फाईलमधला क्रमाने येणारा तुकडा, त्यालाही ‘ब्लॉक’च. एका ठिकाणी एकाचा क्रमांक दुसऱ्याच्या जागी वापरला गेला, आणि भलत्याच जागेवर शून्यं लिहिली गेली.

आमच्या न्यायशास्त्रात यासाठी नेमका शब्द आहे, वाक्छल. उदाहरण पाठ्यपुस्तकी आहे. कुणी म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे याच्याकडे नवं कांबळं आहे. प्रतिपक्षी म्हणतो, छे, याच्याकडे नऊ कुठे आहेत? एकच तर आहे! चल आणि छल यांत मराठीत एका अक्षराचंच अंतर आहे. पण न्यायशास्त्रात छल करणारा समोरचा असतो, मुद्दाम करतो, आणि आपल्याला ते कळतं. इथे छल करणारं कुणी नव्हतंच. लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दाने त्यालाच फसवलं.

आणि बघा, ‘ब्लॉक’ या नावात वाईट काय होतं? उच्चारायला सोपं. इंग्रजी. संक्षेप नाही. त्या क्षेत्रातला सर्वमान्य शब्द. दोन्ही ठिकाणी अगदी स्पष्ट! वाचणारा अडखळत नव्हता. अडखळला असता तर थांबून पाहिलं असतं. ‘क्यू७’ असं निरर्थक नाव असतं तर माणसाने व्याख्या शोधली असती. अर्थ चटकन लागला म्हणून कुणी शोधलीच नाही. स्पष्ट नाव आणि नेमकं नाव या दोन गोष्टी आहेत. फ्रेगेने १८९२ मध्ये पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा यांचं कोडं घातलं: नावं दोन, वस्तू एक, शुक्र. प्रोग्रॅममध्ये ही अडचण असते, पण सहसा बेतात राहते. एक नाव आणि वस्तू दोन, हे प्रकरण मात्र महिनेच्या महिने खातं.

आउस्टरहाउट यांच्या पुस्तकात आणखी एक चांगलं निरीक्षण आहे, की नाव सुचत नसेल तर कदाचित वस्तूच नीट आखलेली नाही. बऱ्याचदा खरं आहे. पण गो भाषेतल्या आखूड नावांवर ते जी नापसंती दाखवतात, तिथे पाणिनी त्यांनाही अडवील असं वाटतं. असो.

खरी असलेली नावं पुढे खोटी होतात, याबद्दल दोन्ही पुस्तकं आम्हाला हवं तेवढं बोलत नाहीत. मिलचंच उदाहरण: डार्टमथ हे गाव डार्ट नदीच्या मुखाशी म्हणून डार्टमथ. उद्या नदीने पात्र बदललं तरी गावाचं नाव बदलणार नाही. लिस्प भाषेत ‘कार’ आणि ‘कडर’ अशी दोन फंक्शनं आहेत, ती आयबीएम ७०४ या यंत्राच्या शब्दातल्या दोन भागांवरून आली. यंत्र कधीच मोडीत निघालं, नावं राहिली. हे निरुपद्रवी, कारण आता ती शुद्ध रूढ झाली, ‘टि’सारखी. विंडोजमधल्या ‘डब्ल्यू-पॅरम’चं तसं नाही. त्यातला डब्ल्यू म्हणजे वर्ड, सोळा बिटांचा. यंत्रं बत्तीस बिटांची झाली, चौसष्टची झाली, आतली वस्तू वाढत गेली, डब्ल्यू तसाच. नदी हलली आणि पाटी अजून ‘मुख इकडे’ म्हणून सांगते आहे. म्हणूनच नावात प्रकार कोंबण्याची ती पद्धत, चार्ल्स सिमोनींच्या मूळ देशावरून जिला हंगेरियन म्हणतात, ती आज मागे पडली. यात सिमोनींवर थोडा अन्याय झाला. त्यांना ‘कुठल्या प्रकारची राशी’ हे सांगायचं होतं, म्हणजे पडद्यावरचं अंतर की पानावरचं अंतर. लोकांनी त्याचं ‘किती बिटांची’ असं करून टाकलं. पहिलं सांगणं पुष्कळ कामाचं होतं.

किती कामाचं, ते एकक या गोष्टीवरून पाहा. १९९९ साली मंगळाकडे गेलेलं नासाचं क्लायमेट ऑर्बिटर नष्ट झालं, कारण जमिनीवरचा एक प्रोग्रॅम आवेग पाऊंड-सेकंदात लिहीत होता आणि वाचणारा तो न्यूटन-सेकंद समजत होता. साडेचार पटींच्या आसपास फरक. ही गोष्ट सगळे सांगतात. आम्हाला घरची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये असतं. बोलताना माणूस गुंठ्यात बोलतो. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, सुमारे १०१.१७ चौरस मीटर. इतके जवळ, की गावात सर्रास ‘आर म्हणजे गुंठाच हो’ म्हणतात. आता एखाद्या प्रोग्रॅममध्ये व्हेरिएबलचं नाव नुसतं ‘क्षेत्र’ आहे, आणि त्यात ४० आहेत. चाळीस काय? गुंठे असतील तर तो एक एकर, ४०४७ चौरस मीटर. आर असतील तर ४०००. एकरामागे सुमारे ५०० चौरस फुटांचा फरक, अर्ध्या गुंठ्याला थोडाच कमी. शहराला लागून असलेल्या जमिनीत यावर भाऊबंदकी होते, दावे पडतात. यान कोसळलं तर निदान कळतं. सव्वा टक्क्याची चूक कुणाला दिसत नाही, ती हिशेब होऊन बसते. ‘क्षेत्र आर’, ‘क्षेत्र गुंठे’ एवढं लिहिलं असतं तर वजाबाकी करतानाच हात थांबला असता. इथे नाव लांब हवं, आणि ती तीन-चार अक्षरं आपला खर्च भरून काढतात.

एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे: नावं मराठीत ठेवावीत का? लिपी आणि शब्द हे दोन वेगळे प्रश्न करू. शब्दाबद्दल आमचं मत ठाम आहे. ज्या व्यवहाराचा प्रोग्रॅम आहे, त्या व्यवहारातला शब्द घ्या. तलाठ्याच्या दप्तरातल्या ‘फेरफार’ला सरकारी इंग्रजीत म्युटेशन म्हणतात. प्रोग्रॅमरांच्या बोलीत म्युटेशन म्हणजे व्हेरिएबलमधली किंमत बदलणं. घ्या, झाला पुन्हा ‘ब्लॉक’! तिथे रोमन लिपीत का होईना, ‘फेरफार’च लिहा. ‘सातबारा’चं भाषांतर करू नका. नमुना सात आणि नमुना बारा हे आता कुणी मनात आणत नाही, तरी शब्द नेमका आहे, त्याला एकच वस्तू आहे.

आणि परकी वाटू नये अशी ही गोष्ट आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी बीजगणितात अव्यक्त राशींना नावं दिली ती यावत्तावत्, मग कालक, नीलक, पीतक, म्हणजे रंगांची, आणि समीकरणात लिहिताना ‘या’, ‘का’, ‘नी’, ‘पी’. त्यांच्या घराण्याची माहिती सांगणारा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. देकार्तने १६३७ मध्ये एक्स, वाय, झेड घेतले, त्याच्या पाच शतकं आधीची ही देवनागरी व्हेरिएबलं.

लिपीबद्दल: पायथॉनमध्ये आवृत्ती तीनपासून देवनागरी नाव चालतं, आम्ही लिहून पाहिलं आहे. एक अडचण सांगून ठेवतो. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका तऱ्हेत त्यासाठी वेगळं अक्षर आहे, दुसरीत साध्या र पुढे एक अदृश्य जोडचिन्ह येतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पहिला पायथॉन स्वीकारतो, दुसरा नाकारतो, आणि चूक कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा देवनागरीत लिहिणार असाल तर तूर्त ‘दुसऱ्या रांगेचं क्षेत्र’ऐवजी ‘क्षेत्र रांग दोन’ असं काहीतरी ठेवा.